व्हर्ला होस्टेटलरची जीभ

शेजारच्या योडरनं सोयाबीन कापलं, की लगेच व्हर्ला होस्टेटलरच्या घरात ते शिरायचे. लेडीबग. लालनारिंगी, पाठीवर काळे ठिपके, लहान मुलांच्या पुस्तकात गोजिरवाणे दिसतात ते. अशी पुस्तकं काढणाऱ्या माणसाला ऑक्टोबरात एकदा व्हर्लाच्या न्हाणीघरात कोंडून ठेवायला हवं होतं. पहिला कडाका पडून गेला आणि पुन्हा ऊन तापलं, की घराची दक्षिणेकडची पांढरी भिंत त्यांनी नुसती बुजबुजून जायची. खिडकीच्या फटीतून, दाराच्या वरून, दिव्याच्या बटणामागून ते आत घुसायचे आणि छताच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसायचे. नवऱ्याच्या, मर्लच्या कॉफीत, दातांच्या ब्रशवर, उशीच्या अभ्र्यात. चिरडले तर पायांतून पिवळा चिकट रस सोडायचे, आणि पडद्याला तो लागला की डाग जन्माचा. वर चावायचेसुद्धा, मेले!

व्हर्ला म्हणजे शेगडीच्या मागची भिंतही दर शनिवारी पुसणारी बाई. तिच्या घरात हे असलं काही वळवळावं याची तिला मनापासून शिसारी यायची. ती व्हॅक्यूमच्या नळीत जुना नायलॉनचा मोजा बसवायची, त्याच्या तोंडाला रबर लावायची आणि खुर्चीवर चढून छताचे कोपरे ओढून घ्यायची. मोजा फुगून जड व्हायचा, आतून हलायचा. मग त्याला गाठ मारून साबणाच्या पाण्यात बुडवायचा, आणि तो शांत होईपर्यंत दुसरीकडे बघायचं. त्या मोज्याला कुजक्या शेंगदाण्यांसारखा वास येतो हे तिला ठाऊक होतं. पण या वर्षी ते ठाऊक होतं फक्त आठवणीनं. मार्चमधल्या तापानंतर तिच्या नाकाला वास येत नव्हता, आणि जिभेला चव लागत नव्हती.

हे तिनं कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नव्हतं. कारण तिच्या हातात चमचा होता. चर्चच्या बायका दर ऑक्टोबरात सफरचंदाचं बटर शिजवायच्या. नावाला बटर, लोणी त्यात औषधालाही नाही. रसात सफरचंदाच्या फोडी दिवसभर आटवून केलेला काळपट गर तो. मदतनिधीच्या विक्रीत त्यावर उड्या पडायच्या. सोलणाऱ्या अनेक, ढवळणाऱ्या अनेक, पण चाखून ‘झालं’ म्हणायचा मान एकटीचा. तो आधी व्हर्लाच्या आईचा होता, नंतर व्हर्लाचा. आणि तिच्यानंतर टपून बसली होती तिची नणंद आयडा. आयडाची जीभ म्हणजे उकडलेला बटाटा, असं व्हर्ला सगळ्या गावाला हसत हसत सांगत आली होती. आता स्वतःच्या जिभेचं मात्र तिला सांगवत नव्हतं.

या वर्षी तो गर शिजवायचा तांब्याचा हंडा व्हर्लाच्या परसात चढला. आयडा सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून आत आली ती नाकाला रुमाल लावूनच.

“अगं, काय मेलंय का इथे?”

“कुठे काय?”

“हा वास! तुझा तो मोजा आहे वाटतं बादलीत. तुला येत नाही?”

“सवय झालीय,” व्हर्ला म्हणाली आणि घाईघाईनं बादली बाहेर नेली. ती बादली पावाच्या डब्याला टेकून होती, हे आयडानं पाहिलं.

“मी म्हटलं होतं, अजून आठवडाभर थांबू या,” आयडा म्हणाली. “योडरचं शेत कालच कापलंय. आज ऊन आहे. ते येणार.”

“विस्तवावर कुणी येत नसतं. तुला काम नको असलं की तुला किडे दिसतात.”

दुपार चढली आणि ते आले. आधी फोडींसाठी अंथरलेल्या चादरीवर चार, मग बायकांच्या डोक्यांच्या रुमालांवर, मग कॉलरीत, बाह्यांत. लोइस नावाची, त्यांच्यातल्याच एकीची तरुण सून ढवळताना किंचाळली, कारण एक तिच्या कानात शिरू पाहत होता. हंड्यावर चादर धरली, तर चादरीच्या आतल्या बाजूनंच ते चालायला लागले आणि वाफेनं गुंगून टपटप खाली पडले. बायका झाऱ्यानं काढत होत्या, शिव्या देता येत नाहीत म्हणून देवाचं नाव घेत होत्या. हंडा मात्र उतरवता येत नव्हता. मध्येच थांबलं तर गर तळाला लागतो.

शेवटी मर्लनं नेहमीसारख्या दालचिनीच्या चवीच्या, साखरेच्या लाल गोळ्या आत ओतल्या. मुठीमुठीनं ओतल्या. या गोळ्या नसतील तर ते बटर आमच्याकडचं नव्हेच. वाटाण्याएवढ्या, लालबुंद, आणि विरघळायला जरा वेळ घेणाऱ्या. घात झाला तो इथेच. त्यानंतर गरावर जे जे लाल दिसलं ते ते सगळ्यांनी गोळीच धरलं.

“अजून दिसताहेत गं वर,” लोइस म्हणाली.

“विरघळतील. ढवळ,” व्हर्ला म्हणाली. तिच्या चष्म्यावर वाफ धरली होती.

मग सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिनं चमचा बुडवला, फुंकला, तोंडात घातला. गरम लागलं, दाट लागलं. दाताखाली काहीतरी कुरकुरलं. गोळी, तिला वाटलं. आईसारखे डोळे मिटून तिनं क्षणभर वाट पाहिली. तोंडात नुसता ओला कापूस फिरत होता. गोडाची काही खूण, दालचिनीची चरचर, काहीतरी येईल म्हणून ती थांबली, आणि काही आलं नाही.

“झालं,” ती म्हणाली. “उतरवा.”

पहिला गर पावावर लावून सगळ्यांनी एकदम खायचा, अशी रीत होती. आयडानं मोठा घास घेतला. तिचा चेहरा एका बाजूला ओढला गेला, आणि तिनं तो घास सरळ गवतावर थुंकला. मागोमाग लोइस थुंकली. मर्ल एप्रनच्या टोकानं जीभ खरवडायला लागला. कडू, जहर कडू, वर तो कुजका वास नाकापर्यंत चढलेला! एकीनं आपल्या पावावरची गोळी बोटानं उलटी केली. तिला पाय होते. दुसरीनंही उलटी केली. मग हंड्यात कुणी बघेना.

व्हर्लाच्या हातातला पाव अर्धा संपला होता.

“तू हे चाखलंस?” आयडानं विचारलं. “चाखून ‘झालं’ म्हणालीस?”

“चाखलं.”

“मग आम्हाला काय घाण खायला घालायची होती? का हंडा वाया गेला तर नाक कापलं जाईल म्हणून विकायला ठेवणार होतीस?”

सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडे गेल्या. तिथे ती बादली होती, त्यात तो मोजा. व्हर्लाच्या दातात काहीतरी अडकलं होतं. तिनं नखानं ते काढलं, बोटावर धरून पाहिलं. किड्याचा पाय. घाणेरडी बाई! हे तिच्याबद्दल आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं, आणि आता या सगळ्यांच्या डोळ्यांत तेच होतं. जीभ गेली ते परवडलं, पण हे तिला सोसवेना.

“मला चव लागत नाही,” ती म्हणाली. “वासही येत नाही. मार्चपासून.”

“मार्चपासून?” आयडा म्हणाली. “म्हणजे ईस्टरचं हॅम...”

“अंदाजानं.”

“तरीच ते सूप!” मर्ल म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

व्हर्ला त्याच्याकडे वळली. “तुला माहीत होतं? आणि तू गप्प बसून गिळत राहिलास?”

“गिळतोय कसला! दोनदा मागून घेत होतो,” मर्ल म्हणाला. “अगं, खारट होतं, पण तू समोर बसायचीस ना, बघत.”

कुणी हसलं नाही. हंडा योडरच्या डुकरांकडे गेला. डुकरांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली.

उरलेली सफरचंदं शनिवारी चर्चच्या तळघरात, खिडक्या बंद करून शिजवली. व्हर्ला येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. ती आली, कोपऱ्यात बसून तिनं सगळ्यांपेक्षा जास्त फोडी केल्या, आणि दालचिनीच्या गोळ्या हंड्यात पडायच्या आधी एकेक करून ताटात उलटसुलट करून पाहिल्या. कुणी चेष्टा केली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

दुपारी गर दाट झाला, तशी लोइसनं सवयीनं चमचा भरला आणि व्हर्लासमोर धरला.

“बघ ना, झालं का?”

तळघरातलं ढवळणं थांबलं. आयडानं मान खाली घातली आणि आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला घेतलं. व्हर्लानं चमच्याकडे पाहिलं. गर काळपट होता, चकाकत होता, त्याची वाफ तिच्या नाकात जात होती.

“आयडाला विचार,” ती म्हणाली, आणि पुढचं सफरचंद उचललं.