धवला संपेपर्यंत थांबलेला उजेड

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. उल्हासनगर कॅम्प ५ ला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. वस्तू बिघडली की कारण असतंच, ते शोधायचं, एवढंच मला कळतं. या पेजवरचे असले अनुभव वाचून मी हसायचो... पण हे माझ्याच घरात घडलं.

आम्ही बदलापूरच्या खरवईतले आगरी. माझी आई धवलारीण, म्हणजे आमच्या लग्नांत धवले, म्हणजे पिढीजात लग्नगीतं, गाऊन विधी लावणारी बाई. सगळं तोंडपाठ. बाबा गेल्यावर तिने गाणं सोडलं होतं. वर्ष सरलं, चुलतबहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा काकूनेच तिला गळ घातली. म्हणून आई संध्याकाळी गच्चीवर बसून उजळणी करायची. एके दिवशी दिवेलागणीला ती लगबगीने खाली आली. म्हणाली, डोंगरावर गोल उजेड आला, आवाज नाही काही नाही, आणि गाणं संपेपर्यंत जागचा हलला नाही.

"विमान असेल," मी म्हणालो.

"इमान उभा ऱ्हाते का रं?"

बायकोने हे सहज नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलं आणि झालं... उडती तबकडी काय, हसण्याच्या स्मायली काय! मग काकूचा फोन — "वहिनींना आराम करू दे, आम्ही दुसरी धवलारीण बघतो." दुकानात शेजारचा सिंधी दुकानदारही हळूच विचारून गेला, "भाई, अम्मा ठीक है ना?"

आईचं जेवणावरून मन उडालं. तिला उजेडाची भीती नव्हतीच. लोक वेडी समजतील, पुन्हा कोणी मांडवात बोलावणार नाही, याची होती. आणि खोटं कशाला बोलू, तिला डॉक्टरकडे न्यावं असं माझ्याही मनात आलं होतं.

अशात घरी पोलीस. अंबरनाथच्या बाजूला ड्रोन उडवायला मनाई आहे, आणि ग्रुपवरचा मेसेज फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचला होता. साहेब तरुण, बोलायला मऊ. त्या दिवशी खालच्या आळीत हळद होती, आणि आमच्याकडे हळद म्हटली की डीजे आणि ड्रोन आलाच. तोच असणार, हा त्यांचा अंदाज. माझाही.

"मावशी, किती वेळ दिसला?"

"घड्याल कोन बघते? देवांना नि गेलेल्यांना आवतान देतात, त्यो धवला गात होते. मधीच आला, धवला सरला तवा गेला."

साहेबांनी मोबाईलवर टायमर लावला. "मग गाऊन दाखवा."

आईने डोक्यावरून पदर घेतला आणि सुरू केलं. एकेका देवाला लग्नाचं आमंत्रण, मग गावदेवीला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. आणि त्यांच्यात बाबांचं नाव आलं... गेलेल्यांमध्ये त्यांचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आई गाता गाता थांबली. "ह्यांचा नाव घेतला नि त्यो आला," एवढंच म्हणाली आणि पुढे गात राहिली. साहेब ऐकण्यात इतके गुंगले की टायमर बंद करायचा राहिला. बिचारीला पुन्हा गावं लागलं.

काही दिवसांनी साहेब स्वतः आले. हळदीतला ड्रोन, त्याचं शूटिंग, सगळं तपासलं होतं. तेवढा वेळ त्याची बॅटरी टिकतच नाही आणि त्या वेळी तो मांडवावरच होता. विमानतळाकडूनही काही कळलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही पाहिलं ते खरं. काय होतं ते मात्र आम्हाला सांगता येत नाही."

आई रडली. तिला बरं वाटलं म्हणून मीही रडलो. हे ऐकून काकू दुसऱ्याच दिवशी आमंत्रणाचा नारळ घेऊन दारात आली. आई तिला एका शब्दाने लागेल असं बोलली नाही, उलट चहा केला.

कसला उजेड होता तो? मी बरंच डोकं चालवलं, आजही उत्तर नाही.

लग्नात बाबांचं नाव यायच्या सुमारास मी मांडवाबाहेर जाऊन वर पाहिलं. काहीच नव्हतं. आत आलो तर आईने गाता गाताच डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बाबांचं नाव पुन्हा एकदा घेतलं, या वेळी जरा मोठ्याने.