आमच्या तोतऱ्याची मुलाखत

आमचा धाकटा भाऊ तोतरा आहे. मी काही त्याची चहाडी करत नाहीये. तो स्वतःच गावभर सांगत फिरतो. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि गिऱ्हाईक खालची ओळ वाचताना अडखळलं की हा स्टुलावर शांत बसून राहतो. "घाई नाही," म्हणतो. तेवढे दोन शब्द मात्र त्याला न अडखळता येतात. रोज वापरून गुळगुळीत झालेत.

साठी उलटली की माणसं आपले गुडघे सांभाळतात. याने अडखळणाऱ्यांचं मंडळ काढलं आणि पेपरवाल्यांना, रेडिओवाल्यांना फुकट मुलाखती द्यायला लागला. मी म्हटलं, "अरे, बोलता येत नाही आणि बोलायला निघालास?" तर म्हणतो, "म-म-म्हणूनच, ताई."

खरं कारण माझ्याच घरात होतं. माझी अकरा वर्षांची नात, तीही अडखळते. गेल्या वर्षभरात तिने बोलणंच टाकलं होतं. फोन वाजला की बाथरूममध्ये पळायची. वर्गात हजेरीला नुसता हात वर. माझ्यापुढे तोंड उघडलं की मीच तिचं वाक्य पुरं करायचे, पोरीला त्रास नको म्हणून. भावाचंही मी लहानपणापासून तेच करत आलेय. त्याला एवढंच हवं होतं, की आपल्यासारखं बोलणारं कुणीतरी रेडिओवर बोलतंय, हे पोरीने एकदा ऐकावं.

पहिली मुलाखत झाली. चांगली पंचवीस मिनिटं रेकॉर्डिंग. ती लागायच्या दिवशी आम्ही दोघी रेडिओला कान लावून बसलो, आणि ऐकतो तर काय, हा बाबा घडाघडा बोलतोय! तिथल्या कुणा भल्या माणसाने मोठ्या मायेने त्याचं प्रत्येक तोतरं अक्षर, प्रत्येक थांबणं कापून टाकलं होतं. पंचवीस मिनिटांची झाली नऊ. नातेवाइकांचे फोनवर फोन: "अगं, बरा झाला की तो! औषध कुणाचं?" खोटं कशाला बोलू, मीही हरखले होते. नात मात्र उठली. "ते तर स-सगळ्यांसारखंच ब-"

"बोलतात," मी म्हटलं. ती निघून गेली.

भाऊ तणतणत रेडिओच्या ऑफिसात गेला. कापणारा बिचारा म्हणाला, "काका, मी तर तुम्हाला नीट केलं!"

"म-मी बिघडलोच नव्हतो," भाऊ म्हणाला. पुढची मुलाखत थेट, नाहीतर नाहीच, असं ठणकावून आला. ठणकावायला अर्धा तास लागला म्हणे.

शनिवारी सकाळी दहाला थेट कार्यक्रम. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत ऐकत होते. हा स्वतःचं नाव सांगतानाच अडकला. निवेदिका दोनदा मदतीला धावली, दोनदा त्याने तिला थोपवलं. मग श्रोत्यांचे फोन सुरू झाले. एक मास्तर जिभेचे व्यायाम सुचवून गेले. दुसऱ्या फोनवर नुसता श्वास. मग, "म-म-मा..." अगंबाई! तोच आवाज बाहेरच्या खोलीतूनही येत होता. धावत जाऊन बघते तर नात फोन धरून उभी.

"मामा म्हणायचंय का, बाळा?" निवेदिकेने विचारलं.

"ति-तिचं तिला बोलू द्या," भाऊ म्हणाला.

पोरीला पाऊण मिनिट लागलं. "मामाआजोबा, आजी माझी व-वाक्यं पुरी करते. त-तिला काय सांगू?"

गावभर! कान तापले माझे. आजीची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडतात का? पण डोळेही भरून आले, कारण वर्षभरात एवढं लांब वाक्य ती कुणाशीच बोलली नव्हती.

"ती म-माझीही करते," भाऊ म्हणाला, आणि स्टुडिओत हशा पिकला. "तिला स-सांग, की..." पुढच्या शब्दावर तो असा अडकला, की रेडिओच बंद पडला असं वाटावं. नात फोन कानाला लावून माझ्याकडे बघत होती.

मला तो शब्द माहीत होता. मी तोंडावर हात धरला आणि वाट बघत राहिले.