बाबांनी घेतलेला जर्मन घोट

आज मी जळून राह्यलो. घरात सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितो.

लहाना भाऊ जर्मनीहून राळेगावले आला. दुपारी त्यानं बाबांसमोर बिअरची बाटली ठेवली. माह्या हातात बाटली दिसली की बाबा ताटावरून उठते.

"बाबा, गव्हाची आहे," तो म्हणाला.

बाबांनी चक्क ग्लास पुढं केला. मिशीवरचा फेस पुसत म्हणाले, "आपल्या गव्हाची होईन का रे अशी?"

मीही चाखली. पिकल्या केळाचा वास, मागून जराशी लवंग. नावं ठेवाची होती, पण जागाच सापडली नाही.

रिकामी बाटली बाबांनी टीव्हीजवळ ठेवली, शोभेले. मी अजून गोठ्यामागं लपून पितो.

तुम्हीच सांगा, बाबाले बिअर आवडली का लहाना पोरगा?