लाल डाग टाळून काढलेला गोल

या सदरातले अनुभव मी आजवर त्यातल्या चुका शोधायलाच वाचत आलो. भूत, बाधा, करणी... कशावरच माझा विश्वास नव्हता. पंचवीस वर्षं बेळगावात एमआरआय टेक्निशियन आहे; पडद्यावरच्या प्रत्येक सावलीला कारण असतं, हेच शिकलो. म्हणून हे लिहिताना लाज वाटते. आणि लाज फक्त त्याचीच नाही.

आमच्या सेंटरमध्ये गेल्या वर्षी हृदयाच्या मॅपिंगचं नवं, वेगवान सॉफ्टवेअर आलं. यात नुसता फोटो मिळत नाही. स्नायूच्या प्रत्येक ठिपक्याचा आकडा मोजला जातो आणि त्याचा रंगीत नकाशा होतो. निरोगी भाग हिरवा, बिघडलेला लाल. पूर्वी यासाठी पेशंटला कितीदा तरी श्वास धरावा लागायचा. आता एकदाच, दहा-अकरा सेकंद. मशीनमधल्या सूचना कन्नड आणि इंग्रजीत होत्या, म्हणून निपाणीकडच्या पेशंटांसाठी मी माझ्या आवाजात मराठीत भरल्या — श्वास घ्या, सोडा, धरा.

माझे दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, निपाणीजवळ तंबाखूची शेती करायचे. दम लागतो म्हणून मीच त्यांना स्कॅनला बोलावलं. मशीनचा बोगदा बघून म्हणाले, "पाव्हणं, ह्यात आमचा बैल बी शिरायचा न्हाय."

"बैलाला दहा सेकंद गप पडता येत न्हाय दाजी, तुम्हाला येतंय."

"तुमच्या आक्काला इचारा, येतंय का ते!"

मॅपिंग सुरू झालं आणि त्यांनी हातातला रबरी फुगा दाबला. त्रास झाला तर पेशंटने दाबायची ती बेल. मी बेल बंद केली आणि माइकवर म्हणालो, "झालंच दाजी. हलू नका."

नकाशात हृदयाच्या मधल्या पडद्यावर लाल डाग होता. आकडा १२०४; निरोगी हृदयात तो आमच्या मशीनवर हजाराच्या आसपास येतो. ते हलले असतील, असं मी ठरवून टाकलं. शंका असेल तर स्कॅन पुन्हा करायचा, हा नियम नव्या लोकांना मीच शिकवतो. पण आम्ही जैन. दाजी दिवस मावळल्यावर जेवत नसत, आणि सकाळपासून उपाशी होते. त्यांना उजेडात घरी पोचू दे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे बाहेर चार पेशंट बसले होते आणि मला कटकट नको होती. ज्या गोलातला आकडा रिपोर्टसाठी मोजला जातो, तो मी डाग टाळून हिरव्या भागावर काढला. शेरा लिहिला — 'लाल भाग हालचालीमुळे'. डॉक्टर दुसऱ्या गावाहून रिपोर्ट देतात. त्यांनी माझ्या शेऱ्यावर विश्वास ठेवला. रिपोर्ट नॉर्मल.

महिन्याच्या आत दाजी शेतात कोसळले, ते उठलेच नाहीत.

रोज सकाळी पेशंटांच्या आधी आम्ही जेलची बाटली स्कॅन करून मशीन तपासतो. जेल सगळं एकसारखं, त्यामुळे नकाशाही एकाच रंगाचा येतो. दाजी गेल्यावर नवव्या दिवशी त्या बाटलीत लाल डाग आला. तोच आकार. १२०४. बाटली बदलली... तोच. इंजिनिअर फोनवर म्हणाला, स्टाफपैकी कुणाला तरी आत घालून बघा. अशा चाचणीला आमच्यातलंच कुणीतरी झोपतं. मी झोपलो. बाहेर माझी सहकारी शिल्पा होती.

हेडफोनमध्ये माझाच आवाज आला. श्वास घ्या. सोडा. धरा. मी धरला. पुढची सूचना आलीच नाही. आपणच सोडायला गेलो तर छाती हलेना — वर कुणी गुडघा रोवून बसावं तसा दाब. फुगा दाबला. कानात बेल वाजली, आणि कुणीतरी ती बंद केली. मग अगदी जवळून, शांतपणे...

"झालंच पाव्हणं. हलू नका."

दाजींचा आवाज. हयातीत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. त्या आवाजाला कसलीच घाई नव्हती.

बाहेर आलो तेव्हा माझे ओठ निळे पडले होते. शिल्पा रडकुंडीला आली. "सर, बेल वाजलीच न्हाय ओ! अकरा सेकंदात संपलं की सगळं!" माझ्या नकाशावर डाग होता. १२०४. नंतर कोल्हापुरात तपासून घेतलं, हृदय स्वच्छ. मशीनमध्ये इंजिनिअरला काही सापडलं नाही. बाटलीतही पुन्हा काही दिसलं नाही.

रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना मी काय केलं ते सगळं लेखी दिलं. आक्कासमोर बसायला मात्र दोन महिने लागले.

"त्यांनी बेल दाबल्याली तुला ऐकू आलती?"

"व्हय."

"लाल बी दिसलतं?"

"व्हय आक्का."

मशीनमध्ये मला काय झालं तेही मी सांगू लागलो, तर तिने हात वर केला. "ते मला सांगू नगं. त्यांनी तुला धरलं का सोडलं, तुझं तू बघ."

त्या अकरा सेकंदांचं कारण मला आजही माहीत नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. मी आता चुका शोधणार नाही.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी भाच्याचा फोन आला. "मामा, आई म्हणती, येऊ नगा."

"यंदा?" मी विचारलं.

त्याने फोन ठेवला.