बाळूसाठी भांडलेला गोवर्धन भोईर

वाशीलगतच्या जुहूगावच्या गोवर्धन भोईरने आयुष्यात दोनच नोकऱ्या केल्या. पहिली मुंबईत, एका जिमखान्यावर. लाकडी चौकटीमागे उभं राहून धावफलकावर पत्र्याचे आकडे टांगायचे. बत्तीस वर्षांत एकही आकडा चुकीचा टांगला नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगे. दुसरी नोकरी वाशीत, एका सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर. ती सोसायटी उभी होती भोईरांच्याच भातखाचरांवर. पण हे तो कुणाला ऐकवत नसे.

त्र्याऐंशी साली आपण वर्ल्ड कप जिंकलो आणि वाशीत ज्याच्या त्याच्या तोंडी क्रिकेट झालं. गणपतीत सोसायटीने मांडवात एक फळा लावला. वर अक्षरं ठळक : ‘स्वातंत्र्यापूर्वीचे अकरा महान भारतीय खेळाडू’. नावं काढली होती चेअरमन रावसाहेबांनी. रावसाहेब बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले, क्रिकेटची जाडजूड पुस्तकं बाळगून असलेले गृहस्थ.

गोवर्धनने फळा वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

“रावसाब, बाळू पालवनकर कुटं हाय?”

“तो कसोटी खेळला नाही, भोईर.”

“आपल्याला कसोटी मिलाली बत्तीस साली. तवा तो म्हातारा झालता. आनि तुमी रणजी लिवलाय. तो आपल्याकडून कवा खेलला? इंग्लंडकडून खेलला ना?”

मांडवात दोघं-तिघं हसले. रावसाहेबांचे कान लाल झाले.

“टाकी भरली का बघा आधी.”

गोवर्धनने जाऊन टाकी भरली, व्हॉल्व्ह बंद केला, हात पुसले. मग परत येऊन खडू उचलला आणि फळ्यावर सगळ्यांत वर लिहिलं : पालवणकर बाळू. सकाळी ते नाव पुसलेलं होतं. त्याने पुन्हा लिहिलं. दुसऱ्या दिवशीही पुसलं, त्याने पुन्हा लिहिलं.

तिसऱ्या दिवशी कमिटीने त्याला बोलावलं. माफी लिहून द्या, नाहीतर पंपाची किल्ली ठेवा, असं रावसाहेब म्हणाले.

“माफी कसली? या चार वर्सांत टाकी एक दिस रिकामी रायली असंल तर सांगा. आत्ता लिवून देतो.”

कमिटीत स्मिता नावाची एक शाळामास्तरीण होती. ती म्हणाली, “नाव पुसण्यापेक्षा त्यांना स्टेजवर बोलू द्या की. चुकले तर सगळ्यांसमोर चुकतील.” रावसाहेबांना ते पटलं. पंपवाला माईकसमोर काय बोलणार, असा त्यांचा हिशेब असावा.

पाचव्या दिवशी आरती झाल्यावर गोवर्धन स्टेजवर चढला. बायकोने, येसूबाईने इस्त्री करून दिलेला पांढरा सदरा, पायात चपला नाहीत. आधी रावसाहेब बोलले, आकडेवारीसकट आणि छान बोलले. मग माईक गोवर्धनपुढे आला.

“तुमच्या फल्यावरच्या नायडूला मी या डोल्यांनी पायलाय,” तो म्हणाला. “सिक्सर असा मारायचा का बॉल कुटं गेला ते आमाला फलक्यामागनं दिसायचा नाय, लोकांच्या आवाजावरून कलायचा. तो मोठाच. बाळूला मी पायला नाय, खोटं कशाला बोलू? पन आमच्या जिमखान्याचा जुना माली त्याला पायलेला. १९११ साली आपली टीम इंग्लंडला गेली. टीम हरत होती, आनि हा डावखुरा एकटा विकेटी काडत होता. शंभरावर काडल्या! गोऱ्यांच्या देशात, गोऱ्यांच्या पिचवर.”

“त्याच्यावर अन्याय झाला म्हणून तुम्हाला कळवळा येतो,” रावसाहेब मध्येच म्हणाले. “कळवळ्यावर कुणी महान ठरत नाही.”

गोवर्धन त्यांच्याकडे वळला. आता त्याचा आवाज चढला होता.

“कलवला नको! त्याच्या बॉलवर मॅच जिंकायची, आनि चांभाराचा म्हनून चा त्याला बाहेर, मातीच्या कपात. टीमची कप्तानी कवा दिली नाय. येवढं सोसून ज्याचा टप्पा हालला नाय, तो बाकीच्यांच्या बरोबरीचा कसा? वरचाच! रणजीला चा कुटं देत होते ते बगा तुमच्या पुस्तकात.”

टाळ्या मागून सुरू झाल्या, धुणीभांडी करणाऱ्या बायका उभ्या होत्या तिथून. मग पुढच्या खुर्च्याही वाजवू लागल्या. रावसाहेब मात्र हलले नाहीत. “कमिटीचा निर्णय कायम आहे. माफी, नाहीतर किल्ली,” म्हणाले.

गोवर्धनने खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्यासमोरच्या टेबलावर ठेवली. “मंग माजापन कायम हाय.”

घरी येसूबाई तडकली. “मेलेल्या मान्सासाठी जिती नोकरी सोरली?” तिसऱ्या दिवशी पाटी उचलून वाशीच्या बाजारात निघाली आणि जाता जाता म्हणाली, “बरा केलास. पन आता मासली उचलायला तू चल.” तो गेला. पुढची सगळी वर्षं गेला.

त्या थंडीत जुहूगावच्या मैदानावर टेनिस बॉलच्या मॅची भरल्या. अंपायर म्हणून गोवर्धनने एकच अट घातली, आणि गावच्या पंचांनी ती मानली. सगळ्यांत चांगल्या बॉलरला द्यायच्या स्टीलच्या कळशीवर ‘पालवणकर बाळू’ असं कोरून घेतलं. मॅच खेळायला सोसायटीची टीमही आली. त्यांचा श्यामसुंदर नावाचा डावखुरा स्पिनर सहा विकेटी घेऊन गेला.

बक्षिसाला पुढच्या खुर्चीवर रावसाहेब होते. माईकवाल्याने घाईत नुसतंच “बेस्ट बॉलर, कळशी” म्हटलं. गोवर्धनने त्याच्या हातातून माईक घेतला.

“पुरा नाव वाचायचा,” तो म्हणाला, आणि खाडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्याने स्वतःच ते वाचलं.