मावसाजींच्या मोटारीवर सगळ्यांचा डोळा

सावली गावच्या माझ्या मावसाजींच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: त्यांच्या मोटारीवर डोळा असलेली, आणि डोळा असून तसं न दाखवणारी. मी त्यांच्या बायकोच्या चुलत बहिणीचा मुलगा, गोंडपिपरीला शाळामास्तर, सायकलवरूनसुद्धा पडणारा. पण माझी गणती दुसऱ्या प्रकारात. एकदा सहज म्हणालो, "मावसाजी, आज मोटार छान दिसते." चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "काऊन? तुले कोनी पाठवलं?"

आणि मोटार तरी काय हो! स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती, मोटारीला वीस. बदलून गेलेल्या कुठल्याशा साहेबाकडून घेतलेली, कापडी टपाची, पुढून हँडल मारल्याशिवाय हूं की चूं न करणारी. ते लोखंडी हँडल मावसाजी सदैव बरोबर बाळगत. लग्नाच्या पंगतीत लोक मांडीशी तांब्या ठेवतात, हे हँडल ठेवत. चांद्याहून आणलेलं पेट्रोल आधी हुंगत, मग बोटानं जिभेवर लावत, आणि दर वेळी "घासलेट हाय यात!" म्हणून त्याच पेट्रोलवर गाडी चालवत. मूल गावचा मिस्त्री इंजिन उघडायचा तेव्हा समोर स्टूल टाकून बसत. तो बिचारा खोकला, तर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "हा खोकला खरा नाई." मिस्त्री शेवटी वैतागला. "भाऊ, हिच्यात चोरन्यासारखं काय उरलं हाय ते सांगा, म्हंजे मले बी दिसन!" मावसाजींनी मला कोपरानं ढोसलं. "पाय, इचारून राह्यला!"

या सगळ्यात मावशीचं एकच मागणं होतं. तिची माय वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या पुढच्या एका खेड्यात राहायची. म्हातारीची नजर अधू होत चालली होती. ती पुरती जायच्या आत आपली लेक मोटारीतून उतरताना तिला दिसावी, एवढंच. पाच वर्षं मावशी विनवत होती आणि पाच वर्षं मावसाजी तिच्या भावावर संशय घेत होते. "तुहा भाऊ पोळ्याले आला तवा टायरले लाथ मारून पाहत होता. लाथ मारून कोन पायते? घेनारा!"

मग एका चैत्रात भावाचा निरोप आला: मायला आता काहीच दिसत नाही, अन्नही जात नाही, येऊन जा. त्या दिवशी मावशीनं चूल पेटवली नाही. एवढंच म्हणाली, "आता माय तुमची मोटर पाहू बी शकत नाई. आता तरी नेता?" मावसाजी हँडल घेऊन बाहेर पडले.

मी ढकलायला म्हणून बरोबर. मावशीची जागा नेहमीसारखी मागं. "तू मांगं बस, अन् मांगून कोन येते ते पाहत राय." पुढच्या सीटवर हँडल. नदीत पाणी घोट्याएवढं, बाकी सारी वाळू, आणि वाळूवर बांबूचे तट्टे टाकून केलेला रस्ता. काठावर मासे धरणाऱ्या चार ढिवरांनी मागून जोर लावला. त्यांचे हात कुठे कुठे लागतात ते पाहायला मावसाजी चक्क चाक सोडून खाली उतरले! मोटार तट्ट्यावरून घसरली आणि वाळूत बसली. म्हातारा ढिवर हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमी आत बसा, नाई तं आमी तरी बसतो." मी हसलो. मावशी हसली नाही. तिचं लक्ष पलीकडच्या काठाकडे होतं.

वाळूतून निघून पोचलो तेव्हा म्हातारी अंगणात खाटेवर होती. लेकीचे गाल चाचपून झाल्यावर म्हणाली, "मोटर कुठी हाय? मले ने." मावशीनं तिला धरून आणलं. म्हातारी दिवे चाचपू लागली, पत्रा चाचपू लागली. मला वाटलं, आता मावसाजी ओरडणार. पण ते स्वतःच सांगत होते, "हा दिवा, माय. हे चाकावरचं मडगाट. जपून, गरम हाय."

"माही पोरगी कुठी बसते यात?"

मावशीनं पटकन सांगून टाकलं, "पुढं, माय. यांच्या बाजूले."

मावसाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग हँडल उचलून खाली ठेवलं, म्हातारीचा हात धरला आणि पुढच्या सीटवर टेकवला. "इथी. हे तिची जागा."

"नरम हाय बाप्पा," म्हातारी म्हणाली, आणि फाटक्या गादीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी निघताना ती भिंतीला धरून, कान देऊन उभी होती. मावशी सवयीनं मागच्या दाराकडे वळली. मावसाजींनी तिला दंडाला धरून पुढं बसवलं आणि म्हातारीला ऐकू जाईल इतक्या जोरानं दार लावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

त्या पावसाळ्यात म्हातारी गेली. वैनगंगेला पूर होता. नाव चालेना, जाता आलं नाही. मावशी मग कितीतरी दिवस एकच विचारायची, "मायनं मले पुढं बसलेलं पाह्यलं न जी?" आणि जन्मभर कशावरही विश्वास न ठेवलेले माझे मावसाजी दर वेळी तितक्याच ठामपणे म्हणायचे, "पाह्यलं. मी होतो न तिथी. चांगलं पाह्यलं तिनं."