चावीवरचा हात

रुग्णालयाच्या ऑक्सिजनच्या खोलीत मामांनी एकतीस वर्षं काढली. भरलेले सिलिंडर उतरवून घ्यायचे, साखळीने भिंतीला बांधायचे, वॉर्डात पोचवायचे, रिकामे परत आणायचे. तिथे लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणत. खरी भाची मात्र एकच, धाकट्या बहिणीची मुलगी. त्या खोलीचा एक नियम मामांच्या हाडीमाशी खिळला होता. सिलिंडर उभा आहे आणि जवळ कोणी नाही, तर त्याच्या तोंडावरची चावी फिरवून बंद.

निवृत्तीला वर्ष झालं आणि भाचीला समुद्रातले जीव मोजायची नोकरी लागली. त्यासाठी पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरायला शिकणं आलं. बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं.

"शीक, पण मामा बरोबर असेल तरच," ती म्हणाली. "सिलिंडरातलं त्याच्याइतकं कोणाला कळतं?"

"मग मीही शिकतो," मामा म्हणाले. "आणि शिकवणारा मी निवडणार."

भाची हसली. "मामा, तू भाजी निवडायला अर्धा तास लावतोस."

"भाजी नासकी निघाली तर फेकता येते. तुला कुठे फेकू?"

तीन ठिकाणं पाहिली. पहिल्या ठिकाणी भिंतभर फोटो आणि तोंडभर हसणारा मास्तर. मामांनी विचारलं, "शिकायला आलेल्या कोणाला कधी परत पाठवलंत का?" तो म्हणाला, "छे हो काका, आपल्याकडे सगळे पास." मामांनी पायात चपला सरकवल्या. दुसऱ्या ठिकाणी सिलिंडर उन्हात आडवे लोळत होते. तिथे मामा आतही गेले नाहीत.

तिसरीकडे एक बाई होत्या, पन्नाशीच्या, बोलायला कोरड्या. एका वेळी दोघांनाच शिकवत. प्रत्येक सिलिंडरच्या गळ्यापाशी शेवटच्या तपासणीची तारीख ठोकलेली. मामांनी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "रक्तदाब किती? डॉक्टरांची चिठ्ठी आणलीय? कान कधी फुटला होता?" परत पाठवल्याचं विचारलं तर म्हणाल्या, "या वर्षी अकरा. त्यातले चार भांडून गेले."

"हीच," मामा बाहेर येऊन म्हणाले.

तीन दिवस तलावात गेले. मुखवट्यात पाणी शिरलं तर नाकाने फुंकून कसं काढायचं, वर येताना श्वास का कोंडायचा नाही, हवा संपली तर जोडीदाराकडे कशी मागायची. सिलिंडरचा विषय निघाला की मामांची मान ताठ व्हायची. बाई एकदा म्हणाल्या, "मामा, तुम्हाला येतं हे मला ठाऊक आहे. तरी बघा." मामांना ते जरा लागलंच.

चौथ्या दिवशी समुद्र. होडीवर ते दोघं, बाई आणि नाववाला. बाईंनी दोघांचे सिलिंडर श्वासाच्या नळ्यांना जोडून चाव्या उघडल्या, हवेचा दाब तपासला आणि ते फळीला टेकवून बांधले. एवढ्यात वाऱ्याने होडी सरकली. नांगर दुसरीकडे टाकण्यात दहा मिनिटं गेली. भाची पुढच्या टोकाला जाऊन पाण्याकडे बघत बसली होती.

मग सगळे तयार झाले. भाचीने सिलिंडर पाठीवर चढवला, पट्टे आवळले, काठावर बसली. दाबाचा काटा दोनशेवर, म्हणजे सिलिंडर भरलेला.

"जाऊ?" तिने विचारलं.

"नाही. तोंडातून तीन श्वास, नजर काट्यावर," बाई म्हणाल्या.

"मघाशी तपासलं की."

"मघाशी तपासलं ते मघाशी."

भाचीने पहिला श्वास घेतला. काटा थरथरला. दुसऱ्या श्वासाला तो दोनशेवरून सरळ शून्यावर आला. तिसरा श्वास आलाच नाही. तिने डोळे मोठे करून तोंडातली नळी काढली.

बाईंनी भाचीच्या पाठीमागे हात नेऊन चावी चाचपली. "बंद आहे. नळीत उरलेली हवा तेवढी होती. पाण्यात दोन श्वास मिळाले असते." मग त्यांनी वळून विचारलं, "कोणी हात लावला?"

मामा तापले. "असा चावटपणा कोणी केला? पोरीच्या जिवाशी खेळ आहे हा. मी तर तिकडे फिरकलोसुद्धा नाही." आणि ते नाववाल्याकडे बघू लागले.

नाववाल्याने मान खाली घातली. दोर गुंडाळत हळूच म्हणाला, "मामा, तुम्हीच बंद केलीत. नांगर टाकताना. मागे हात टेकलात आणि फिरवलीत. मला वाटलं, बाईंनी सांगितलं असेल."

"मी?"

"हो."

मामांनी आठवून पाहिलं. काहीच नव्हतं. दोर आठवला, वारा आठवला, भाचीचे उडणारे केस आठवले. चावी आठवेना. खोटं बोलण्याचं त्या माणसाला कारण नव्हतं. मामा फळीवर बसले आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसे बघत राहिले.

"मामा, झालं नाही ना काही," भाची म्हणाली.

"आज तुम्ही पाण्यात नाही," बाई म्हणाल्या. "हात माणसाला विचारून चालत नाही. म्हणून तर तीन श्वास."

भाची बाईंबरोबर उतरली. चाळीस मिनिटं मामा वर येणारे बुडबुडे बघत बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. त्या चाळीस मिनिटांत एकच विचार फिरत राहिला, आणि किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी बाजूला जाऊन वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांना फोन लावला. या सिस्टर वीस वर्षं त्यांच्या पाठोपाठ येऊन प्रत्येक चावी तपासायच्या. मामांना तो कायम अपमान वाटला होता.

"सिस्टर, तुम्ही माझ्यामागून बघायचात. कधी चावी बंद सापडली का हो?"

"दोनदा. दोन्ही वेळा ट्रॉलीवर पेशंट होता, नाकाला नळी लावलेला."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं मामा. तुम्ही म्हणालात, माझ्या हातून हे होणं शक्यच नाही. दुसरं कोणीतरी केलं असेल."